सारखे दिसणारे छोटे शब्द : प्रस्तावना

मराठीत ‘पाव’ हा दोन अक्षरांचा शब्द निदान तीन ठिकाणांहून आला आहे. ‘पाव किलो’ मधला पाव संस्कृत ‘पाद’ या शब्दाचा वंशज आहे. पाद म्हणजे पाय, आणि चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पादाला ‘चतुर्थांश’ हा अर्थ संस्कृतातच आला होता. बेकरीतला पाव पोर्तुगिजांच्या ‘पाँव’ वरून आला, आणि त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’, म्हणजे भाकरी. ‘देव पावला’ यातले क्रियापद संस्कृत ‘प्र + आप्’ या धातूतून, प्राकृतातल्या ‘पाव’ या रूपावाटे मराठीत उतरले. तिन्हींचा उच्चार एक, लेखन एक, आणि नाते मात्र कोणाचेच कोणाशी नाही.

अशा आखूड, परस्परांसारख्या दिसणाऱ्या शब्दांचे अर्थ आणि मूळ शोधणे हा व्युत्पत्तिशास्त्राचा एक अवघड भाग आहे. लांब शब्दांत ओळखीच्या खुणा पुष्कळ असतात. ‘संग्रहालय’ किंवा ‘जमाखर्च’ यांचे घटक सुटे करून दाखवता येतात. एका-दोन अक्षरांच्या शब्दात पकडायला फारसे काही नसते, आणि म्हणून तिथेच तर्काला जास्त ऊत येतो.

शब्द आखूड का होतात

शब्द सारखे दिसू लागतात त्याचे पहिले कारण झीज. संस्कृतातले जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झाले, आणि मराठीत ते द्वित्त सुटून त्याआधीचा स्वर दीर्घ झाला. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. कर्म, कम्म, काम, ही त्याची सरळ उदाहरणे. या वाटेने आलेले ‘काम’ शेतावर आणि कचेरीत रूढ झाले. इच्छा किंवा वासना या अर्थाचा ‘काम’ हा मूळचाच संस्कृत शब्द पुराण-कीर्तनातून मराठीत जसाच्या तसा राहिला. एक तद्भव आणि एक तत्सम असे दोन शब्द एकाच रूपावर येऊन थांबले.

‘वर’ या शब्दाचेही असेच. ‘झाडावर’ मधला वर हा ‘उपरि’ चा झिजलेला अवशेष, तर ‘वधू-वर’ मधला वर संस्कृतातून आहे तसा आलेला. ‘पण’ मध्ये तर तीन धारा मिळतात. ‘परंतु’ या अर्थाचा पण ‘पुनः’ पासून आला. पैज किंवा प्रतिज्ञा या अर्थाचा पण संस्कृतच आहे. ‘मोठेपण’, ‘लहानपण’ यांतला प्रत्यय वैदिक ‘त्वन’ पासून अपभ्रंशातल्या ‘प्पण’ या रूपावाटे आला.

दुसरे कारण लेखनाचे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वी नाम या अर्थी ‘नांव’ आणि होडी या अर्थी ‘नाव’ असा फरक कागदावर दिसत असे. ‘नांव’ वरचे टिंब हे ‘नामन्’ मधल्या ‘म’ ची शेवटची खूण होती. लेखन सोपे झाले, पण दोन शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांना एक झाले. वास्तविक दोन्ही शब्दांचे आप्त दूरवर पसरले आहेत. नामन् चे नातेवाईक फारसी ‘नाम’, लॅटिन ‘नोमेन’ आणि इंग्रजी ‘नेम’. होडीच्या ‘नौ’ चा नातेवाईक लॅटिन ‘नाविस’, ज्यावरून इंग्रजीत ‘नेव्ही’ आला.

तिसरे कारण निव्वळ गणिताचे. एखाद्या भाषेत ३० व्यंजने आणि ६ स्वर धरले, तर एक व्यंजन आणि एक स्वर यांची अक्षरे फक्त १८० होतात. व्यंजन, स्वर आणि पुन्हा व्यंजन अशी रूपे धरली, तरी ती ५,४०० च्या पुढे जात नाहीत. जगात भाषा हजारोंनी आहेत आणि रोजच्या वापरातले शब्द प्रत्येकीत हजारोंनी. कुठल्याही दोन भाषा शेजारी मांडल्या, तर काही शब्द जुळणारच. जुळले नसते तरच आश्चर्य.

साम्याचे चार प्रकार

दोन भाषांतले शब्द सारखे दिसले की त्यामागे चारपैकी एक कारण असते. एक, दोघांचा पूर्वज एकच असतो. दोन, एका भाषेने तो शब्द दुसरीकडून उसना घेतलेला असतो. तीन, बाळबोलीतून सर्वत्र आपोआप तयार होणारा तो शब्द असतो. चार, तो योगायोग असतो. या चारांची सरमिसळ होऊ न देणे हेच या विषयातले मुख्य काम.

पहिल्या प्रकारात साम्यापेक्षा फरकाला अधिक किंमत असते. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे मांडले. त्यानंतर १८२२ मध्ये याकोप ग्रिम यांनी या कुळातल्या व्यंजनांचे बदल नियमात बसवून दाखवले. संस्कृतातल्या ‘प’ च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो, ‘द’ च्या जागी ‘ट’ येतो. म्हणून पितृ आणि फादर, दन्त आणि टूथ, दश आणि टेन हे आप्त ठरतात. ‘पाद’ आणि ‘फूट’ यांत तर दोन्ही व्यंजने नियमाप्रमाणे बदललेली दिसतात. मराठीतला पाय, पाव किलोतला पाव आणि इंग्रजीतला फूट हे एकाच घरचे ठरतात ते याच आधारावर. याच घरात ‘सवा’ म्हणजे सपाद, पावासह. आणि ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पावाने कमी.

उलट संस्कृत ‘पथ’ आणि इंग्रजी ‘पाथ’ फार जुळतात, आणि तेवढ्यामुळेच संशय येतो. थेट नाते असते तर इंग्रजीत ‘फ’ यायला हवा होता. त्यामुळे हा शब्द जर्मानिक भाषांनी प्राचीन काळी एखाद्या इराणी भाषेतून उसना घेतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. खरे भाऊबंद पुष्कळदा एकमेकांसारखे दिसतच नाहीत. ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत कानाला काहीच समान लागत नाही, तरी दोन्ही एकाच मूळ शब्दाची पोरे आहेत.

वाई आणि कृष्णाकाठ

या अभ्यासासाठी वाईसारखे गाव सोयीचे आहे. कृष्णाकाठच्या या गावाने संस्कृत पाठशाळांची परंपरा सांभाळली. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी इथे प्राज्ञपाठशाळा उभी केली आणि सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ सिद्ध केला. ‘धर्मकोशा’ चे कामही इथलेच. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईतूनच चालले, आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, त्यातली कागदपत्रेही वाईलाच मिळाली होती. त्या कागदांतली मराठी फारसी शब्दांनी भरलेली आहे.

ही फारसी आली राज्यकारभारातून. वाई हे आदिलशाहीत सुभ्याचे ठाणे होते, आणि अफजलखान तिथला सुभेदार होता. जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्या आडनावातला पहिला भाग ‘फड’ दिसतो, पण तो तमाशाचा किंवा उसाचा फड नव्हे. मूळ शब्द फारसी ‘फर्दनवीस’ आहे. फर्द म्हणजे हिशेबाचा किंवा यादीचा कागद, आणि नवीस म्हणजे लिहिणारा.

फारसी आणि संस्कृत या चुलत बहिणी असल्याने इथे गुंता वाढतो. एकाच मुळाचे दोन शब्द मराठीत दोन वाटांनी आले आहेत. ‘सरदार’, ‘सरनौबत’ यांतला ‘सर’ म्हणजे डोके, आणि तो संस्कृत ‘शिरस्’ चा सख्खा. शाळेतले ‘सर’ मात्र इंग्रजी असून त्यांचा उगम लॅटिन ‘सेनिओर’, म्हणजे वडीलधारा. पावसाची सर या दोघांपासून वेगळीच.

‘दार’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. घराचे दार संस्कृत ‘द्वार’ वरून आले. फारसीत दाराला ‘दर’ म्हणतात, त्यावरून दरबार आणि दरवाजा. इंग्रजी ‘डोअर’ हाही याच कुळातला. पण ‘जमीनदार’, ‘ठाणेदार’ यांतला ‘दार’ वेगळा. तो बाळगणे, धारण करणे या अर्थाच्या इराणी धातूपासून आला आणि संस्कृत ‘धृ’ शी त्याचे नाते आहे. ‘देवदार’ मधला दार तिसराच, कारण तो संस्कृत ‘दारु’, म्हणजे लाकूड. बंदुकीची आणि प्यायची ‘दारू’ फारसीतून आली, तिथे तिचा अर्थ औषध. हा फारसी शब्दही मुळात लाकूड किंवा झाडपाला या अर्थाच्या शब्दापासून निघाला असण्याचा संभव आहे. तसे असेल तर देवदार आणि दारू हे लांबचे नातेवाईक ठरतात.

‘बस’ मध्ये तीन भाषा एकत्र येतात. खाली बस, यातले क्रियापद ‘उपविश्’ पासून ‘बैसणे’ या जुन्या मराठी रूपावाटे आले. ‘आता बस कर’ यातला बस फारसी, म्हणजे पुरे. त्याचा पूर्वज प्राचीन फारसीतला ‘वसिय्’ आणि संस्कृतातला आप्त ‘वश’. वाईहून पाचगणीला चढणारी बस मात्र लॅटिन ‘ओम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’, याचे शेपूट आहे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये सार्वजनिक घोडागाड्यांना ते नाव मिळाले. पुढे इंग्रजीने त्याचा केवळ शेवट ठेवला. म्हणजे आज ज्याला शब्द म्हटले जाते, तो मुळात विभक्तीचा प्रत्यय आहे.

कन्नडचा शेजार

सांगली जिल्ह्यात, विशेषतः जत तालुक्यात, मराठी आणि कन्नड एकाच गावात बोलल्या जातात. तिथे फसवी साम्ये रोजची आहेत. कन्नडमध्ये ‘मर’ म्हणजे झाड, ‘ऊरु’ म्हणजे गाव, ‘कालु’ म्हणजे पाय, ‘हालु’ म्हणजे दूध. मराठी कानाला यांत मरणे, ऊर म्हणजे छाती, काल म्हणजे गेलेला दिवस आणि हाल म्हणजे यातना ऐकू येतात. ‘हळ्ळि’ म्हणजे खेडे. त्याच्याशी मिळताजुळता मराठी ‘हल्ली’ मात्र अरबी ‘हाल’, म्हणजे सद्यःस्थिती, या शब्दावरून फारसीमार्गे आला.

कन्नडमध्येही नियमित बदल आहेतच. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. म्हणून तमिळमध्ये ‘पाल्’ असलेले दूध कन्नडमध्ये ‘हालु’ आणि तिकडची ‘पळ्ळि’ इकडे ‘हळ्ळि’. संस्कृतात ‘पल्ली’ म्हणजे लहान खेडे. तेव्हा ‘हळ्ळि’ चे नाते शोधायचे तर ते ‘हल्ली’ कडे न पाहता ‘पल्ली’ कडे पाहून शोधावे लागते.

कन्नड ‘कालु’ चा आणखी एक अर्थ आहे चतुर्थांश. पायाचा शब्द आणि पावाचा शब्द तिथेही एकच. पाद आणि कालु यांच्या ध्वनींत काहीही समान नाही, भाषाकुळेही वेगळी. तरी दोन्हींचा अर्थ सारख्याच वाटेने गेला. साम्य रूपाचे नसून अर्थविकासाचेही असू शकते, हे या जोडीवरून कळते.

कन्नडकडून मराठीने खरोखर उसने घेतलेले आखूड शब्दही आहेत. अण्णा, अक्का, अप्पा हे घरगुती संबोधनाचे शब्द त्यांतले. दुसऱ्या बाजूने, गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत ‘पाय’ म्हणजे वडील, पोर्तुगीज ‘पाय’ वरून. घाटावरच्या माणसाला त्यात चालायचा पायच दिसतो. ‘आया’ हा मुले सांभाळणाऱ्या बाईचा शब्दही पोर्तुगीज ‘आइया’ पासून आला. ‘आई’ शी त्याचा संबंध नाही.

बाळबोली आणि योगायोग

आई, बाबा, मामा, काका या शब्दांना वेगळी कसोटी लागते. म, प, ब आणि आ हे ध्वनी मुलाच्या तोंडी सर्वांत आधी येतात. मोठी माणसे त्यांना अर्थ लावतात. रोमान याकोबसन यांनी १९६० च्या सुमारास या गोष्टीची मीमांसा केली. त्यामुळे मा-पा जातीचे शब्द जगभर सापडले तरी त्यावरून भाषांचे नाते ठरत नाही. अर्थही स्थिर नसतात. मराठीत ‘मामा’ म्हणजे आईचा भाऊ, तर जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. ‘अक्का’ मराठी-कन्नडमध्ये थोरली बहीण, संस्कृतात आई, आणि फिनिश भाषेत म्हातारी बाई.

योगायोगाची उदाहरणे सर्वांत मोहक असतात. जपानीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न होतो, मराठीतही तसेच. जपानी ‘ने’ आणि मराठी ‘ना’ दोन्ही समोरच्याची संमती मागतात. जपानीत नावाला ‘नामाए’ म्हणतात. तरी मराठी ‘का’ चा उगम संस्कृत ‘किम्’ च्या कुळात आणि ‘नाव’ चा नामन् मध्ये आहे. जपानीशी त्यांचा काही संबंध नाही. फारसी ‘बद’, जो मराठीत बदनाम, बदसूर अशा शब्दांत दिसतो, आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ व उच्चार दोन्ही जुळतात, पण इतिहास वेगळे. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ म्हणत. भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी तो ‘गुडगा’ अशा जुन्या रूपापासून झिजत आल्याचे दाखवले. नकाराचा ‘न’ संस्कृत, फारसी, लॅटिन आणि इंग्रजी या सर्वांत एकाच मुळाचा आहे. ग्रीकमध्ये मात्र ‘ने’ म्हणजे होय.

लोकव्युत्पत्ती

अपरिचित शब्दाला परिचित शब्दाशी जोडून त्याची गोष्ट तयार करणे हा माणसाचा स्वभाव आहे. कणीक पायाने तुडवतात म्हणून पाव, ही अशीच रचलेली गोष्ट. ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, हीही तशीच. तो शब्द लॅटिन ‘आउस्त्रालिस’, म्हणजे दक्षिणेकडचा, यावरून बनला आहे.

वाईही याला अपवाद नाही. हे गाव म्हणजे महाभारतातली विराटनगरी, अशी स्थानिक परंपरा आहे. जवळ वैराटगड आणि पांडवगड हे किल्ले असल्याने तिला बळ मिळाले. इतिहासकार मात्र मत्स्य देशाची ती राजधानी राजस्थानात जयपूरजवळच्या बैराट इथे मानतात. श्रद्धेचा आणि लोककथेचा भाग म्हणून ही परंपरा नोंदवण्याजोगी आहे, पण व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून ती चालत नाही. नावाचे साम्य आधी दिसते आणि कथा त्यामागून येते, हा क्रम पुष्कळ गावांच्या बाबतीत आढळतो.

साधने आणि कसोट्या

भारतात या विचाराची परंपरा जुनी आहे. यास्काच्या निरुक्तात अर्थाला प्राधान्य दिले आहे. रूप जुळत नसले तरी अर्थाच्या आधाराने निर्वचन करावे, असा त्याचा कल. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्र याच्या उलट बाजूने निघते. आधी ध्वनिबदलाचा नियम, मग अर्थ. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ रचून, ज्यांचे मूळ संस्कृतात दाखवता येत नाही असे शब्द वेगळे काढले. सर्व शब्द संस्कृतातून ओढून आणण्याचा हट्ट त्याने धरला नाही, हे आजही अनुकरणीय आहे.

मराठीपुरते बोलायचे तर मोल्सवर्थ यांचा १८३१ चा आणि सुधारून वाढवलेला १८५७ चा कोश हा पाया. माधवराव पटवर्धन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ चा, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासूनचा, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या ध्वनी-रूपांचा इतिहास शास्त्रशुद्ध मांडला, आणि वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. राजवाडे यांच्या व्युत्पत्ती धाडसी आहेत. त्यांतल्या काही पुढच्या संशोधकांनी नाकारल्या, पण साधनसंग्रहाची त्यांची थोरवी त्याने कमी होत नाही.

या साधनांच्या आधारे एखाद्या आखूड शब्दाची तपासणी करताना काही प्रश्न क्रमाने विचारावेत. शब्दाचे सर्वांत जुने लेखी रूप कोणते? त्यातला ध्वनिबदल इतर शब्दांतही तसाच झाला आहे का? त्या दोन भाषा बोलणाऱ्यांची गाठ कधी, कुठे आणि कशाच्या व्यवहारात पडली? अर्थ एकातून दुसऱ्यात कसा सरकला, याच्या पायऱ्या दाखवता येतात का? बोलीचे रूपही पाहिले पाहिजे. साताऱ्या-सांगलीकडे पाहुण्याला ‘पावणं’ म्हणतात. ते देव पावण्याशी जोडण्याचा मोह होतो, पण तो शब्द संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’ असा आला आहे, हे जुन्या रूपावरूनच कळते.

चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली तर व्युत्पत्ती मान्य करावी. दोन-तीन मिळाली तर ती संभाव्य म्हणून लिहावी. नुसते साम्य हाती असेल तर शब्दापुढे ‘मूळ अनिश्चित’ असे लिहून थांबावे. कोशात अशी नोंद असणे ही उणीव नाही. चुकीचे मूळ एकदा छापले गेले की ते पिढ्यान्‌पिढ्या एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहते, आणि मोकळी सोडलेली जागा मात्र पुढच्या अभ्यासकाला पुराव्याने भरता येते.